गाठ विरली म्हणे

"तुझं काम लेंड्या काढायचं. शास्त्र आम्ही बघतो."

सरांनी माझी वही दोन बोटांत धरली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. पीएचडीची पोरंपोरी हसली. मी भुशाचं घमेलं घेऊन तशीच उभी.

सुप्याजवळच्या एका औषधांच्या कॉलेजात मी प्राणिघर सांभाळायचे. पांढऱ्या उंदरांच्या माद्या. आधी त्यांच्या स्तनात गाठ वाढवायची, मग कॅन्सरचं नवं औषध टोचायचं. विद्यार्थी आठवड्यातून एकदा गाठी मापायला यायचे. हातमोजे घालून. मला मोजे नव्हते. मी रोज उघड्या हातानं उचलायचे. कुणी खाणं सोडलं, कुणाचे केस गळाले, कुणाला हगवण लागली, सगळं वहीत लिहायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पण बारावी झालेय मी.

माझी आई गावी, खर्ड्याला, याच रोगानं गेली. सलाईन लावलं की म्हणायची, "गाठ ऱ्हायली बाजूला, ह्ये औषधच खातंय गं मला."

वही फेकली त्याच आठवड्यात औषधाच्या पिंजऱ्यातल्या तीन माद्या मेल्या. सर म्हणाले, "या जाळायला पाठव. साठ्यातल्या तीन आण. शेपटीवर हेच नंबर घाल."

साठ्यातल्या म्हणजे प्रयोगात न घेतलेल्या, धडधाकट. त्यांना गाठच नव्हती.

म्हणजे कागदावर गाठ विरली. मेलं कुणीच नाही. आणि उद्या हे औषध कुणाच्या तरी आईच्या शिरेत जाणार.

"मी न्हाई घालनार नंबर."

"काय म्हणालीस?"

"मेलेल्या मेल्या म्हनून लिवा."

सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या लोकांना जवळ केलं की हे असं होतं."

तुमच्या लोकांना. वेगळा कप गिळला होता मी. जेवायची वेगळी जागा गिळली होती. हे गिळलं नाही. मार्कर टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले.

चार दिवसांनी शिपाई निरोप घेऊन आला. माफी लिहून दे, परत घेतो.

नवरा म्हणाला, "दे लिहून. उंदरांसाठी कोन भांडतं?"

मी कागद घेतला. तीन माद्यांचे नंबर लिहिले. मेल्या ते दिवस लिहिले. बदलायला कुणी सांगितलं, त्याचं नाव लिहिलं. खाली सही केली. पाठवला तो प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला.

उत्तर आलेलं नाही. दुसरा कागद लिहायला घेतलाय. त्याचंही नाही आलं, तर तिसरा.

माफी लिहिणार नाही.