काकूचा ओटीपी गेला सीमेवर

मंडळी, सकाळपासून मनात सलतंय, इथं सांगून टाकते.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. एका हॉस्पिटलच्या नोंदणी अ‍ॅपच्या चाचण्या हल्ली एआय मॉडेलच लिहितं आणि तेच चालवतं. मी फक्त निकाल बघून 'मंजूर' दाबायचं. मागच्या महिन्यात मी विचारलं होतं, "नोंदवलेला फोन पेशंटजवळ नसेलच तर?" टीम लीड म्हणाला, "मॉडेलनं सुचवलंय का? नाही ना? मग दाब."

दाबलं.

आज काकूला घेऊन मिरजेला त्याच हॉस्पिटलात गेले. ओटीपी टाकल्याशिवाय केसपेपर निघेना. आणि आमच्या गावात तर घरटी एक पोरगा फौजेत, प्रत्येक कागदावर त्याचाच नंबर! काकूचा ओटीपी गेला तिच्या सुनीलकडं, सीमेवर, जिथं आठ-आठ दिवस रेंज नसते.

काउंटरवरची बाई वैतागली, "कुणी तपासलंय हो हे अ‍ॅप?"

मी मान खाली घातली. काकू मात्र ताठ मानेनं म्हणाली, "आवं ताई, आमच्या ह्या पोरीनंच तपासलंय की!"

पुढं काउंटर, मागं रांग, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पळणार कुठं?

तासाभरानं केसपेपर हातानं लिहून मिळाला. घरी येऊन बघते तर मेल: नव्या चाचण्या सगळ्या पास, फक्त तुमची मंजुरी बाकी.

जेवण झालं तरी बटण दाबलेलं नाही. लीडचे तीन मिस्ड कॉल आलेत.

तुमच्या आईचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो हो?