राखेच्या पेटीतली पोपटी

आमच्या घरात कुणाचा निकाल लागायचा असला की मुलं मुद्दाम पाहुण्यांसमोर विचारतात, "बाबा, तुम्ही पहिल्या परीक्षेत नापास कसे झालात?" मग सांगावंच लागतं.

तेव्हा मी नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीच्या इंजिनावर कच्चा फायरमन होतो. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वय बावीस, लग्न ठरलेलं, आणि सासऱ्यांची एकच अट: आधी नोकरीत पक्का हो, मग मुहूर्त काढू. पक्कं व्हायचं तर साहेबाच्या डोळ्यांदेखत भट्टी सांभाळून गाडी वरपर्यंत न्यायची. साहेब कधी उगवेल ते मात्र कुणी सांगत नसे.

इंजिन केवढं, तर शेजारी आमची म्हैस उभी केली असती तर तिला कमीपणा वाटला नसता. पण चढावर त्याची भूक भयंकर.

ड्रायव्हर घाटावरचे. मी त्यांना मामा म्हणायचो. माणूस सोन्यासारखा, पण एकदा त्यांनी पोपटीला नावं ठेवली. "वालाच्या शेंगा मडक्यात भाजायच्या, त्यात काय एवढं? आमच्याकडं हुरडा असतोय हुरडा!"

कर्जतकडच्या माणसाला हे ऐन थंडीत ऐकवायचं? मी म्हटलं, "मामा, खाल्ल्याबिगर बोलू नका. इंजिनातच करून घालतो तुमाला."

"इंजिनात? खुळा का काय रं तू!"

खुळा नव्हतो, मी अभ्यास केला होता. भट्टीखाली राखेची पेटी असते, तिच्यात जाळीतून निखारे पडत राहतात. शेडमध्ये उभ्या इंजिनाच्या पेटीत एकदा लहानसं मडकं ठेवून पाहिलं, तर शेंगा झकास झाल्या. तेवढ्यावर मी स्वतःला शास्त्रज्ञ समजू लागलो.

मग एका सकाळी आईने कोंडाणे गावातल्या मावशीकडच्या शेंगा निवडल्या, मीठ-ओवा चोळला, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला दाबून चांगलं मोठं मडकं भरून दिलं. नेरळला मामांची पाठ वळल्यावर मी ते पेटीत उपडं सरकवलं. अडकून बसलं ते नेमकं पेटीच्या तोंडाशी. ओढून नीट लावणार, एवढ्यात मागून आवाज आला, "आज तुझी परीक्षा. चला, निघू या."

साहेब! आता मडकं काढलं तर मेलो.

गाडी निघाली. जुम्मापट्टी स्टेशनापर्यंत कशीबशी रेटली. पुढच्या वळणावर वाफेचा काटा खाली यायला लागला. मी कोळसा घातला, काटा आणखी खाली. मी आणखी घातला. धुराचा काळाकुट्ट लोट डब्यांवर गेला आणि मागच्या डब्यावरचा ब्रेकवाला ओरडला, "काय रं, इंजिन हाकतोस का चिलीम वढतोस? धुरानं मेलो ना आमी!"

मामांनी शिट्टी दिली, डब्याडब्यावरच्या ब्रेकवाल्यांनी ब्रेक आवळले, गाडी थांबली. थांबली म्हणजे काय, दमूनच बसली.

साहेब खाली उतरले, वाकले. "भट्टीला वारा मिळत नाही. पेटीत काय आहे?"

"राख, साहेब."

त्यांनी नाक जवळ नेलं. "राखेला ओव्याचा वास?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भट्टी या पेटीच्या तोंडातूनच श्वास घेते. उभ्या इंजिनाला तो थोडा पुरतो, चढावर मात्र छाती भरून लागतो. आणि मी तिच्या तोंडात मडकं कोंबलं होतं! साहेबांनी आकडीने ते बाहेर ओढलं.

वाफ पुन्हा धरायला अर्धा तास लागणार होता. गरम पाल्याचा वास सुटलेला. मामांनी एक शेंग सोलली, तोंडात टाकली. दुसरी घेतली. मग मूठभर घेतल्या. साहेबही टोपी काढून रुळावर टेकले. सालांचा ढीग वाढत गेला, आणि मला तर लग्नाचा मांडवच दिसायला लागला.

"मीठ किंचित कमी आहे," साहेब म्हणाले.

"आईला सांगतो, साहेब!" मी हुरळून म्हणालो.

शेवटची शेंग संपवून त्यांनी रुमालाला हात पुसले, वही काढली आणि शांतपणे लिहिलं: नापास.

मामा कळवळले. "साहेब, पोराचं लगीन अडलंय हो."

"मग पंगतीचं काम द्या त्याला. इंजिन नको."

"पुढली परीक्षा चैत्रात घ्या की. तवा वाल नसत्यात."

साहेबांनी विचार केला आणि तेही वहीत टिपून घेतलं.

तोवर मी शेडमध्ये राखेच्या पेट्या साफ केल्या. सासऱ्यांकडे बातमी माझ्याआधी पोचली होती, त्यांनी फक्त "शेंगा तरी चांगल्या झाल्या होत्या का?" एवढंच विचारलं. चैत्रातल्या परीक्षेला निघताना आईने माझा डबा उघडून पाहिला, खिसे चाचपले आणि मगच मला उंबऱ्याबाहेर सोडलं. वैशाखात लग्न लागलं.