सोनूचे कान

भीमराज ओव्हाळ सोनूचे कान जितके जपायचा, तितके स्वतःचे जपले असते तर ही वेळच आली नसती. बत्तीस वर्षं तो चिंचवडच्या एका कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होता. कानात घालायचे बोळे सगळ्यांच्या खिशात असायचे. कोणी घातलेच तर, ‘काय राव, बायकोचं ऐकायचं नाही वाटतं?’ म्हणून चिडवायचे. वर्षातून एकदा कान तपासायला माणूस यायचा. आवाज आला की बोट वर करायचं. काचेपलीकडे त्या माणसाचा हात दिसायचा. हात बटणाकडे गेला की भीमराजचं बोट वर! अशी किती वर्षं तो पास झाला. नापास झालो तर प्रेसवरून काढतील, ही भीती तेव्हाही होतीच.

रिटायर झाल्यावर बायको, भिमाबाई, त्याचे कान झाली. ती गेली आणि सांगवीच्या घरात तो एकटा उरला. मग लेकीने, आम्रपालीने, सोनू हा कॉकर स्पॅनियल कुत्रा आणून दिला. सोनेरी केसांचा, मोठाले कान लोंबणारा, कोणीही आलं तरी शेपटीबरोबर अर्धं अंग हलवणारा. राखणीच्या नावाने शून्य. चोराला त्याने चपला आणून दिल्या असत्या. मन इतकं हळवं की कोणी आवाज चढवला की जागेवरच मुतायचा, म्हणून भीमराज घरात जपून, हळू बोलायला शिकला. पण बेल वाजली की सोनू येऊन गुडघ्याला नाक लावायचा. कुकरची शिट्टी झाली की लेंगा ओढायचा. त्यामुळे बापाला ऐकू येत नाही हे आम्रपालीला कधी कळलंच नाही. कळलं असतं तर ती त्याला आपल्या घरी घेऊन गेली असती, आणि तिच्या सासूला कुत्र्याचं वावडं.

त्या कानांची उस्तवार मोठी. आत वारा जात नाही, ओल राहिली की सडतात. जेवताना ते वाडग्यात पडू नयेत म्हणून सोनूच्या डोक्यावर कापलेला मोजा चढवायचा. नदीकाठी फिरून आलं की कान कोरड्या फडक्याने पुसायचे, विंचरायचे, अडकलेली कुसळं एकेक वेचायची.

गुरुवारी टीव्हीवर मॅच होती. कुसळं वेचायची राहिली.

शुक्रवारी सकाळी सोनू डोकं झटकत सुटला. पायाने उजवा कान खाजवून खाजवून त्याने तोंड उघडलं. ते उघडं तोंड भीमराजला दिसत होतं, रडणं ऐकू येत नव्हतं. मग त्याने आपली आई करायची तेच केलं. लसूण घालून खोबरेल तेल कडकडवलं, कोमट केलं आणि सोनूच्या कानात सोडलं.

दुपारपर्यंत सोनूची मान एका बाजूला कलली. चालताना तो टेबलाच्या पायावर आदळला आणि पलंगाखाली जाऊन बसला.

आम्रपाली आली ती आपल्या किल्लीने दार उघडून. “पप्पा, बेल वाजवून बोट दुखलं! झोपला होता का?”

“हो,” भीमराज म्हणाला. हातात चहाचा कप होता.

थेरगावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर विजयश्रींनी विचारलं, “काका, कानात काही घातलंय का?” त्याने त्यांच्या ओठांवरून प्रश्न ओळखला आणि मान हलवली. नाही.

“नीट आठवा. पडदा फाटला असेल आणि तेलबिल आत गेलं असेल, तर ऐकूच यायचं बंद होऊ शकतं.”

“लसणाचं तेल,” भीमराज पुटपुटला. “मीच घातलं.” आम्रपालीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

सोनूला गुंगीचं इंजेक्शन दिलं. भीमराज बाहेर बाकावर बसला. ‘पोरा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण तुझे कान राहू देत,’ एवढंच मनात चाललं होतं. तासाभराने डॉक्टरांनी चिमट्यात धरलेलं लांब कुसळ दाखवलं. तेल धुऊन काढलं होतं. पडद्याला सूज होती, ऐकू येतं का ते बघायला हवं होतं.

“मांडीवर घ्या. दोघंही भिंतीकडे तोंड करा. मी मागून किल्ल्या वाजवते. समोरून वाजवल्या तर कुत्रं हात बघून फसवतं, आणि आपल्याला वाटतं ऐकू येतंय.”

भीमराज भिंतीकडे वळून बसला. अर्धवट गुंगीतला सोनू मांडीवर, समोर पांढरी भिंत. तो वाट बघत राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खांद्यावर हात पडला.

आम्रपाली होती. ती सावकाश, तोंड स्पष्ट उघडून बोलली, “पप्पा, चारदा वाजवल्या. सोनू वळला नाही.” मग म्हणाली, “तुम्हीपण नाही.”

जुन्या सवयीने भीमराजचं बोट वर जायला निघालं आणि मध्येच खाली आलं. सोनू बहिरा झाला, आपल्या हाताने झाला, ह्या धसक्याने त्याचा बांध फुटला.

“मला ऐकू येत नाही गं!” तो ओरडला. सगळा दवाखाना दचकेल एवढ्या मोठ्याने. “कित्येक वर्षं येत नाही! हाच माझे कान होता, आणि त्याचेच मी...”

बोलता बोलता तो थांबला. मांडीवर काहीतरी कोमट पसरत होतं, लेंग्यातून खाली ठिबकत होतं. कोणी आवाज चढवला की मुतायचा, तसाच सोनू भिंतीकडे तोंड करून थरथरत मुतला होता.