कसोटीमामा आणि साताऱ्याची पेटी

आमच्या मामांनी आयुष्यात कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय तोंडात घातली नाही. मग ती लग्नातली जिलेबी असो की देवळातला प्रसाद. पुजाऱ्याने हातावर पेढा ठेवला की मामा आधी तो नाकाशी न्यायचे, नखाने कोपरा उकरायचे, तेवढाच कण जिभेच्या शेंड्यावर ठेवून डोळे मिटायचे. मागे रांग खोळंबलेली. मग डोळे उघडून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "खव्यात मैदा हाय." देवाने तो पेढा निमूटपणे स्वीकारलेला असायचा, पण मामांपुढे देवाचंही काही चालत नसे.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, राहणार विटा. सोनं गाळायला विट्याची माणसं देशभर पांगलेली, त्यातलेच हे. शाळा अर्धी टाकून पोरवयात मदुराईला एका नातेवाइकाच्या भट्टीवर गेले आणि डोकं पांढरं झाल्यावर परत आले. येताना भट्टीवरची दुधाविना कडक काफी प्यायची सवय आणली, आश्चर्य वाटलं की "आय्यो" म्हणायची खोड आणली आणि सदऱ्याच्या खिशात काळा कसोटीचा दगड आणला. सोनं त्या दगडावर घासायचं आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस सांगायचा, हा त्यांचा जन्माचा धंदा. धंदा सुटला, दगड सुटला नाही. म्हणून सारं गाव त्यांना कसोटीमामा म्हणायचं.

"आवं, मला आनताना बरं इसरला दगड?" मामी कधीतरी विचारायची.

"इसरलो न्हाई. तुझ्या बापानं बगू दिलं न्हाई," मामा म्हणायचे, आणि मामी हसून आत जायची.

हे सगळं ऐकायला गमतीचं होतं, पण माझ्या लग्नाचं बघायला लागल्यावर गंमत संपली. बाबा सरळ स्वभावाचे, त्यांना भेटलेला प्रत्येक माणूस चांगला वाटायचा. म्हणून आईने ठरवून टाकलं होतं की अण्णा हो म्हणेल तोच मुलगा. अण्णा म्हणजे मामा. आणि मामा काही हो म्हणेनात. मिरजेचा इंजिनिअर त्यांनी चहा संपायच्या आत नापास केला. "इनोद सांगायच्या आदीच हासतोय. खोट हाय." इस्लामपूरच्या मुलाची पत्रिका उत्तम जुळली होती, तर मामांनी बाहेर जाऊन त्याच्या चपला पालथ्या करून बघितल्या. "एकाच अंगाला झिजल्यात. आज चप्पल झुकतीया, उद्या आईकडं झुकंल." कऱ्हाडच्या मुलाला जेवताना आईने विचारलं, तुम्हाला काय आवडतं? तो बिचारा म्हणाला, मला सगळं चालतं. तो गेल्यावर मामा म्हणाले, "ज्याला समदं चालतं, त्याला घरात कायबी चालत न्हाई. लिवून ठेवा."

मी तेव्हा सांगलीत विश्रामबागेतल्या एका शाळेत शिकवत होते. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं पहिलीत येऊन माझ्याच वर्गात बसायला लागली होती. मामांवर माझा जीव होता, पण रात्री अंथरुणावर पडलं की तो दगड कृष्णेच्या डोहात फेकून द्यावा असं वाटायचं.

अशात साताऱ्याचं स्थळ आलं. मुलाचं नाव प्रताप, नोकरी पुण्याच्या कंपनीत, कंपनीने नुकतंच काही महिने इंग्लंडला पाठवलेलं. मामा त्या दिवशी तापाने विट्याला पडून होते, म्हणूनच बघण्याचा कार्यक्रम सुरळीत पार पडला. सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर प्रताप मला म्हणाला, "तुम्हालाही काही विचारायचं असेल ना?" मला तोवर कुणी असं म्हटलंच नव्हतं. गडबडून मी विचारलं, "पोहे कसे झालेत?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." आईने कपाळाला हात लावला. पोहे मीच केले होते आणि मीठ खरंच कमी होतं. मला तो तिथल्या तिथे आवडला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा एक पाहुणा निरोप आणि पेटी घेऊन आला. मुलगी पसंत आहे, आणि मुलाने इंग्लंडहून आणलेली ही चॉकलेटं, सगळ्यांनी तोंड गोड करावं. मामा आणि मामी सणासाठी आमच्याकडेच आले होते. आता फक्त मामांचा होकार राहिला होता.

चॉकलेट म्हणजे आम्हाला ठाऊक असलेलं, वर्गात वाढदिवसाला वाटतात ते. ही पेटी काळीभोर, वर सोनेरी दोरी, आत प्रत्येक चॉकलेट सोनेरी कागदात गुंडाळून आपापल्या खणात बसवलेलं. आईने पेटी देवापुढे ठेवून झाकणाला हळदकुंकू लावलं आणि मग ती मामांसमोर आली. मामांनी खिशातून दगड काढला. एका चॉकलेटचा कागद सोडवला, दगडावर घासला, उजेडाकडे धरून बघितला.

"सोनं न्हाई," ते म्हणाले.

"सोनं आहे असं कोण म्हणालं होतं?" बाबा म्हणाले.

"आदी बगितलेलं बरं."

पेटीत एक छापील कागद होता. बाबांनी तो वाचून मराठीत सांगितला : ही चॉकलेटं ज्या झाडाच्या बियांपासून करतात, त्या पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना पुरता भाव दिला आहे, आणि या कामाला कुठंही लहान मुलं जुंपलेली नाहीत.

मामांचा हात थांबला. "पोरं कामाला लावली न्हाईत, आसं छापलंय?"

"हो."

"परत वाचा."

बाबांनी परत वाचलं. मामांनी कागद स्वतःच्या हातात घेतला. भट्टीवर गेले तेव्हा ते स्वतः सहावीत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते त्यावर कधी बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "आय्यो. मानूस बराय की मग." झालं, ठरलं, असं मला वाटलं.

मग त्यांनी मामीकडून अडकित्ता मागितला. सुपारी कातरावी तसं चॉकलेट कातरलं आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. स्वतःचा तुकडा नाकाशी नेला. "काफीचा वास येतुय." चेहरा खुलला. तुकडा जिभेच्या शेंड्यावर गेला, डोळे मिटले. आम्ही सगळे त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होतो.

डोळे उघडले ते माझ्याकडे बघतच. "कडू हाय."

मी घाईघाईने माझा तुकडा तोंडात टाकला. कडूच होता. किराइताचा काढा गोठवावा तसा. आईने पदराआड तोंड केलं. बाबा मात्र चघळत राहिले. "उंची चॉकलेट असंच असतं म्हणतात," ते म्हणाले, पण त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

"साखर तळाला बसली आसंल," मामा म्हणाले आणि दुसरं चॉकलेट घेऊन स्वयंपाकघरात गेले. खोट वेगळी करायची तर गाळलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. गॅसवर पळी धरून त्यांनी ते वितळवलं. साखर काही निघाली नाही. चॉकलेट जळलं, पळी काळी ठिक्कर पडली आणि शेजारच्यांनी खिडकीतून विचारलं, काय करपलं?

मामा बाहेर येऊन बसले. आता ते चेष्टेत नव्हते. "तोंड गोड कराया मानूस पेडा दितो, साकर दितो, काय न्हाई तर गुळाचा खडा. कडू कोन पाठवतं? पोरीच्या संसाराची सुरवात कडूनं? नगं. उद्या पेटी परत करू."

मी आत गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. चपला झिजल्या म्हणून स्थळ गेलं तेव्हा मी हसले होते. या वेळी हसू येईना, कारण या वेळी मला तो मुलगा हवा होता.

सकाळी गुढी उभी राहिली. पूजा झाली आणि मामी वाटी घेऊन बाहेर आली. कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा आणि हरभऱ्याची डाळ वाटून केलेली गोळी तिने आधी मामांच्या हातावर ठेवली. पाडव्याला घरात सगळ्यांनी पहिल्यांदा खायची ती हीच. मामांनी सवयीने ती नाकाशी नेली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"कडू हाय का?" मामीने विचारलं.

"म्हंजे काय, लिंब कडूच आसनार."

"मग थुका की."

मामांनी डोळे उघडले.

"आवं, समद्या वर्साची सुरवात कडूनं करताय, तवा तुमाला काय वाटत न्हाई. मग पोरीच्या संसाराची झाली तर कुटं बिगडलं?" मामी एवढंच बोलली आणि बाकीच्यांना गोळ्या वाटायला लागली. भावापुढे कधी बोलायला न जमलेली आई गुढीच्या मागे उभी राहून डोळे पुसत होती.

मामांनी गोळी चावून संपवली. मग उठून फेटा बांधला, पेटी पिशवीत घातली आणि बाबांना म्हणाले, "चला सातारला. दिवस चांगला हाय. पन बगितल्याबिगर मी हो म्हननार न्हाई."

पुढचं बाबांनी सांगितलेलं. साताऱ्याला पोचल्यावर मामांनी चहासुद्धा घेतला नाही. पेटी उघडून सणासाठी घरी आलेल्या प्रतापपुढे धरली. "ही तुमी का निवडली?"

सगळं घर बघत होतं. प्रताप म्हणाला, "खरं सांगू का मामा, दुकानात कागद हिचाच सगळ्यात भारी होता. आत काय आहे ते मीही अजून बघितलेलं नाही."

"मग आता बगा. खावा."

त्याने एक अख्खं चॉकलेट तोंडात टाकलं. चेहरा असा झाला की त्याच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो मामांनी हाताने अडवला. "कसं हाय?"

समोर भावी सासरची माणसं. भेट स्वतःचीच. दुसरा कुणी असता तर छान आहे म्हणाला असता. प्रतापने कसंबसं गिळलं आणि म्हणाला, "कडूजहर आहे हो. चुकलंच माझं."

मामांनी बाबांच्या मांडीवर थाप मारली. "खोट न्हाई! आना आता तुमचा च्या."

लग्नात मामा म्हणून माझ्या पाठीशी उभे होते तेच. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, सकाळपासून माझा उपास. मागून हळूच माझ्या हातात काहीतरी कोंबलं गेलं. त्याच पेटीतल्या चॉकलेटचा अर्धा तुकडा, सोनेरी कागदात. "कडू आदी खाऊन घे," मामा कानाशी पुटपुटले, "गोड मागनं येतंय." मंगलाष्टकं चालू असताना चॉकलेट खाणारी सातारा जिल्ह्यातली मी पहिली सून असेन.

पुढे गंमत अशी झाली की ते कडू चॉकलेट मामांच्याच जिभेला लागलं. काफीबरोबर झकास लागतं म्हणे. प्रताप बाहेरदेशी गेला की पेटी यायचीच, आणि मामा प्रत्येक वेळी ती नवी असल्यासारखी पारखायचे. मी माहेरी गेले की मला बाजूला घेऊन विचारायचे, "काय गं, उतरला का कसाला?" ते विचारायचे नवऱ्याबद्दल. मी मुद्दाम म्हणायचे, "अजून बघतेय, मामा." मग ते समाधानाने मान हलवायचे. "बग बग. घाई करू नगं." पण जाताना पुन्हा एकदा माझ्या तोंडाकडे निरखून बघायचे. साऱ्या जगाला पास-नापास करणाऱ्या माणसाला या एकाच निकालाची धाकधूक होती.

लग्नाला चार वर्षं झाली आणि मामा गेले. झोपेतच. दहाव्याला सगळे नदीवर जमलो. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून होता, मान तिरकी करून बघत होता, खाली उतरत नव्हता. कुणी भाकरी ठेवली, कुणी काफीचा पेला ठेवला. शेत नीट सांभाळू म्हणून मामांच्या भावांनी सांगितलं. मामीची काळजी करू नका म्हणून आईने हात जोडले. ऊन चढत गेलं.

"घाई करू नगासा," मामी म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. "बगितल्याबिगर त्येनी कवा काय खाल्लंय का?"

माझ्या पर्समध्ये एक चॉकलेट होतं. पुढच्या भेटीत त्यांना द्यायचं म्हणून ठेवलेलं. मी कागद सोडवला आणि चॉकलेट कागदासकट पिंडाशेजारी ठेवलं. प्रताप माझ्यामागे उभा होता, त्याला ऐकू जाईल याची लाजही वाटली नाही. "मामा," मी म्हटलं, "कसाला उतरला हो. चोख आहे."

कावळा उतरला. आधी त्याने सोनेरी कागद चोचीत धरला, उलटापालटा करून बघितला आणि टाकून दिला. रडता रडता मामी फिसकन हसली आणि मग आम्ही सगळेच हसलो. तोवर त्याने चॉकलेटला चोच लावली होती.