तनुजाच्या नावचा नकार

नांदेडला मी आणि तनुजा एकाच खोलीत राहतो, पीएचडीही एकाच सरांकडं. तिचा राग मी लई वेळा बघितलाय. पण त्या दिवशी ती ओरडली न्हाई, आणि तेच मला जास्त लागलं.

तिचं काम आधी सांगते, न्हाईतर म्हणाल, पोरी नुसत्या बाटल्या धुत बसल्यात. तिनं मँगनीजचा एक रेणू बनवला. असा एकेक रेणू म्हणजे स्वतःच एक बारका चुंबक. त्याचा स्पिन, म्हणजे चुंबकाचं तोंड, वर नाहीतर खाली, आणि मधी ऊर्जेचा डोंगर. थंडी भयंकर वाढवली की स्पिन हाय तिथंच अडकतो. पण बाहेरचं चुंबकीय क्षेत्र नेमक्या एका आकड्यावर आणलं, की गडी डोंगर न चढताच पलीकडं! तो आकडा तनुजानं आधीच मांडून काढला होता. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या चुंबकावर तो खरा होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, एवढीच तिची हौस. त्यासाठी त्या रेणूचे काळे स्फटिक तिनं डोळ्यात तेल घालून जपले.

लोह्याला घरी गेली की ती वडलांना सगळं सांगायची. भुजंगअप्पा शेतकरी माणूस, पण लेकीचं बोलणं कान देऊन ऐकायचे. त्या चुंबकाजवळ खिशातल्या किल्ल्या उडतात, हेही तिनंच हसत हसत सांगितलं होतं.

आणि ऐन वेळी आमचे रेणुकादास सर म्हणाले, "यावेळी अनय जाऊ दे." अनय लातूरचा, आमचा ज्युनियर. कारण विचारायचं तरी! पण तनुजा मानी. सरळ लोह्याला गेली आणि अप्पांच्या खांद्यावर रडली. अप्पा म्हणाले, "मोठी माणसं अशीच गं. केसानं गळा कापतात." परत येऊन तिनं अनयला शिकवलं, की स्फटिक द्रवातून काढला की हवेत तडकतो, लगेच ग्रीस लाव. मी असते तर बाटलीच फोडली असती, खोटं कशाला बोलू!

अनय गेल्यावर सर चहाच्या टपरीवर भेटले. म्हणाले, "तनुजा, जायचं नव्हतं तर मला सांगायचं. वडिलांकडून निरोप कशाला? ते म्हणाले, तुलाच नको वाटतंय, सांगायला लाजतेस."

आम्ही दोघी तशाच एसटीत बसलो. अप्पा ओसरीवर शेंगा फोडत होते.

"अप्पा, सरांना फोन केलता?"

अप्पांनी मान खाली घातली. "केलता. उद्या लग्न होईल, लेकरं होतील. तसल्या यंत्रापुढं उभं राहून काही इपरीत झालं तर? बापाचा जीव हाय, बाई."

"मग मला न्हाई म्हणायचं होतं. मी भांडले असते, समजावलं असतं. तुम्ही माझ्या नावानं खोटं बोललात."

तेवढ्यात अनयचा फोन आला. पोरगा एवढ्या जोरात ओरडत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "ताई, स्पिन उलटला! बरोबर तुमच्याच आकड्याला!"

अप्पांचा चेहरा खुलला. "बघ! जमलंच की! कुणी का गेलं असंना."

तनुजानं फोन बंद केला. "अप्पा, मी रडत होते तवा तुम्ही सरांना नावं ठेवत होता आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. तो हात खरा होता का खोटा, तेवढं सांगा."

मी मधी पडावं म्हणून अप्पा माझ्याकडं बघाय लागले. मी मधी पडले न्हाई.