थोरल्या भावाची विहीर

कारखान्यात सुट्या भागांवरचं तेल धुवायला जे द्रावण वापरत, ते तळहातावर घेतलं की गार लागायचं आणि बघता बघता उडून जायचं. म्हणून वापरून मळलेलं द्रावण मागच्या आवारातल्या कोरड्या बोअरमध्ये ओता, असं मी कामगारांना सांगत असे, तेव्हा मनाला काही टोचलं नाही. आमच्या भागात पाणी न लागलेली बोअरं ठायी ठायी. त्यांचा तेवढा तरी उपयोग. उघड्यावर उडतं ते जमिनीतही उडून जाईल, असं मी खरोखर मानत होतो. पण ते पाण्यापेक्षा जड. खडकाच्या भेगांतून खाली उतरलं आणि उताराच्या दिशेनं सरकत राहिलं.

उताराला माझ्या थोरल्या भावाचं शेत. पोलीस ॲक्शननंतर आजोबांनी खोदलेली विहीर, आणि तिच्या पाण्यावर उन्हाळाभर रस्त्याकडेला दादाची पाणपोई. तपासणीत विहीर बाद ठरली. हे सांगायला कारखान्यानं मलाच पाठवलं, घरचा माणूस म्हणून.

"वास नाय, रंग नाय," दादा म्हणाला. "तुरीची डाळ लोण्यावानी शिजती यात. खराब पाण्यात शिजती व्हय?"

चांगलं पाणी ओळखायची आमच्याकडची रीत हीच. आमची आईही तसंच ओळखायची.

"भाऊजी शहरात पुंडलिकनगरात नळाचं पितात," वहिनी म्हणाली. "त्यांना आता विहिरीचं कसं सोसंल?"

मग शुद्धीकरण सुरू झालं. विहिरीवर पंप बसला. उपसलेलं पाणी उंच टाकीतून खाली सांडायचं, खालून जोराचा वारा सोडायचा, म्हणजे द्रावण हवेत निघून जातं. खाली उरलेलं पाणी नाल्यात. शेजारी दादाची मोसंबी वाळत होती.

"साफ केलं म्हणता, मग नाल्यात का सोडता?" वहिनीनं विचारलं.

"वापरायला अजून मंजुरी नाही."

"आन् घाण टाकताना कुणाची मंजुरी घेतली व्हती?"

दादानं तिला गप्प केलं. मग मला विचारलं, "किती वर्षं चालंल हे?"

"सांगता येत नाही."

"माझ्या हयातीत व्हईल?"

मी पंपाच्या काट्यावरचा आकडा वहीत टिपला.

"ओतलं कुणी रं?"

"कारखान्यानं," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते सांगताना माझी जीभ अडखळली नाही, आणि याचीच मला जास्त लाज वाटते.

पाणपोई त्यानं बंद केली नाही. स्वतःची विहीर भरलेली असताना तो टँकर मागवतो. परवा पंप बघायला गेलो, तर रांजणातून तांब्या भरून त्यानं माझ्यापुढं धरला.

"घे. विकतचं हाय. तुला चालंल."

दोन वाटसरू सावलीत बसून बघत होते. मी तांब्या घेतला आणि पिऊन रिकामा करून त्याच्या हातात परत दिला.