मराठवाड्याच्या उन्हावर मेणाचं मलम

सूर्याचा माज उतरवायला धाराशिव जिल्ह्यात आजवर एकच माणूस जन्माला आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बेंबळीला त्यांची चार एकर करडई आणि बांधावर मधमाश्यांच्या सहा पेट्या. माश्या मध देतात, मेण देतात, एवढ्यावर साधी माणसं समाधान मानतात. साडू साधे नाहीत. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, गावची आशाताई. दारोदार उन्हातून फिरून तिच्या गालांवर वांगाचे काळे डाग उठले. दोन वर्षं ती एकाही फोटोत बसली नाही. कॅमेरा दिसला की पदर थेट डोळ्यांपर्यंत. वैशाखात मुलीचा साखरपुडा ठरला, तेव्हा मुलीनं बजावलं की आई फोटोत नसेल तर मीही नाही. कातडीच्या डॉक्टरांनी ट्यूब दिली, ऊन टाळायला सांगितलं. साडूंना हा आपल्या सहा पेट्यांचा अपमान वाटला.

मग मेण, करडईचं तेल, मध आणि माश्या पेटीच्या फटी लिंपतात तो चिकट डिंक, असं सगळं चहाच्या पातेल्यात शिजलं. "ह्या डिंकानं फट बुजवली की पेटीत वारा शिरत न्हाय. मग ऊन कसं शिरंल?" साडू म्हणाले. मी पोस्टात शिक्के मारणारा माणूस. एवढ्या मोठ्या शास्त्रापुढं काय बोलणार? प्रयोगाला चेहरा हवा होता. बिघडण्यासारखं काही शिल्लक नाही असा चेहरा त्या घरात एकच होता, माझा. उजव्या गालाला मलम, डावा कोरा, आणि भर दुपारी मला घराच्या छतावर, माळवदावर बसवलं. दहा मिनिटांत मेण पाघळून कॉलरमध्ये उतरलं. मधाच्या वासानं आधी मुंग्या आल्या, मागून आपला माल ओळखून खुद्द माश्या.

"हलू नका पाव्हणं, वळखीच्या हायत त्या."

त्यातली एक फारच ओळखीची असावी. ती नाकाला डसली. संध्याकाळी दोन्ही गाल सारखेच काळे आणि मधे नाकाच्या जागी वांगं. साडूंनी निकाल दिला की मेण कमी पडलं. पुढं ते इतकं वाढवत नेलं की शेवटचं मलम डबीतून उलथण्यानं काढावं लागायचं.

साखरपुड्याला आठवडा राहिला आणि साडूंनी माझ्याकडं येऊन डबी पुढ्यात ठेवली. म्हणाले, "ऊन काय अडत न्हाय ह्यानं." अक्काला सांगायला जाताना ढाल म्हणून मला नेलं. तिनं ऐकून घेतलं आणि पाय पुढं केला. टाचा लोण्यासारख्या मऊ.

"तुमचं मलम म्या भेगांना लावती. लई गुणाचं हाय. तोंडाला डॉक्टरची ट्यूब लावती. बोलले असते तर हिरमुसला असता तुम्ही."

साखरपुड्याला फोटोवाल्यानं मायलेकींना उजेडासाठी मांडवाबाहेर बोलावलं. डाग जरा फिकटले होते, गेले नव्हते. अक्का क्षणभर थांबली, मग पदर खांद्यावर घेऊन मुलीशेजारी बसली.

मुलगी आता सासरी आहे आणि तो फोटो बेंबळीच्या घरात भिंतीवर. साडू त्यात नाहीत. वरच्या कोपऱ्यात काळ्या छत्रीची कड आणि ती धरलेला त्यांचा हात तेवढा आलाय. फोटोवाला तो कापून फोटो नीटस करून देणार होता. अक्का म्हणाली, "तेवढा हात ऱ्हाऊ द्या."